धावणारीचं अंथरूण

पाठ तर आम्हा सगळ्याच मुलींची दुखायची. राष्ट्रीय शिबिरात सकाळी नाश्त्याला कोण कशी बसते यावरून कुणाचं काय दुखतंय ते कळायचं. कुणी एक पाय लांब सोडून बसायची, कुणी उभ्यानंच दूध प्यायची. त्यामुळे माझी पाठ दुखायला लागली तेव्हा कुणालाच त्याचं विशेष वाटलं नाही, मलाही नाही. फिजिओनं टेप लावली, बर्फ लावला. सरांनी काही दिवस वजनं उचलणं बंद करायला लावलं.

पण हे दुखणं वेगळं होतं. धावण्यानं आलेलं दुखणं आडवं पडलं की कमी होतं, हे आडवं पडलं की वाढायचं. संध्याकाळी अंगात कणकण यायची. वजन उतरत होतं, त्याचा तर मला आधी आनंदच झाला, हलकी झाले तर वेळ सुधारेल म्हणून. वेळ सुधारली नाही.

मी चारशे मीटरची धावपटू. गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांधजवळ आमचं गाव. तळ्याच्या पाळीवर धावत धावत मी शाळेच्या स्पर्धेत गेले, तिथून पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात, तिथून शिबिरात. वसतिगृहात माझ्या 'काऊन'ला, म्हणजे 'का'ला, सगळ्या मुली हसायच्या, म्हणून पहिलं वर्ष मी कमी बोलले आणि जास्त धावले. पुढे भारताच्या चार गुणिले चारशे रिलेत मला तिसरी जागा मिळाली आणि त्या जागेवरून मी एकदा ऑलिम्पिकला धावले. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. टीव्हीवर ते चार मिनिटांच्या आत संपलं असेल. मला त्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते धावणं नाही, त्याआधीचं थांबणं. आपली मुलगी बॅटन घेऊन येत असते, आपण रेषेवर मागे मान वळवून उभं असतो. पाय आतून ओढत असतात आणि हलायचं नसतं. मला ते कधीच जमायचं नाही. सर ओरडायचे, "अरे खडी रह, खडी रह!"

शिबिरातल्या एका सकाळी मी अशीच उभी होते. बॅटन आणत होती बबली. ती हरियाणाची, माझी रूममेट, रिलेत दुसरी धावायची. तिनं बॅटन हातात ठेवलं, मी निघाले, आणि उजवा पाय मागे राहिल्यासारखा झाला. लचक नाही, कळ नाही. मी पाऊल टाकलं आणि ते पडलं कुठे ते मला कळलंच नाही. मी सरळ छातीवर आपटले.

बबली धावत आली. "क्या हुआ? पैर मुड़ गया?"

"नहीं," मी म्हणाले. "पैर है ही नहीं."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

निकाल

शिबिरातून मला विश्रांतीसाठी घरी पाठवलं. गोंदियाला एमआरआय झाला. तो बघून तिथल्या डॉक्टरांनी "नागपूरला न्या, उशीर करू नका," एवढंच सांगितलं. माझा मोठा भाऊ हितेशदादा आणि बाबा मला घेऊन गेले. गाडीत मला मागच्या सीटवर झोपवलं होतं. मी दर थोड्या वेळानं पायाची बोटं हलवून बघत होते. डाव्याची हलायची. उजव्याची मनात हलायची.

नागपूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. पाठीतले दोन मणके कडेनं कुरतडल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्या मागे एक पांढुरका फुगवटा. "हा मज्जारज्जूवर दाब देतोय. म्हणून पाय गेला. हे दोनच गोष्टींनी होतं. एक तर जंतुसंसर्ग, नाहीतर गाठ. सुईनं तुकडा काढून तपासू."

निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला पंखा सहन होत नव्हता. तो फिरत होता आणि मी नव्हते, याचा राग यायचा. मी सिस्टरला तो बंद करायला सांगायची, मग उकडायचं, मग लावायला सांगायची. ती बिचारी लावायची.

निकालाच्या दिवशी डॉक्टर आत आले आणि खुर्ची ओढून बसले. ते बसले म्हटल्यावर मी घाबरले.

"टीबी आहे," ते म्हणाले.

बाबांना ते पटेना. "हिले टीबी? हिले कसा होईन, डॉक्टर साहेब? हे तर धावते. अंडे-दूध खाते. आमच्या घरी कोणाले नाही."

"काका, टीबी कुणालाही होतो. जंतू केव्हाचे अंगात असतात. शरीर दमलं की डोकं वर काढतात."

"म्हणजे गाठ नाही ना?" मी विचारलं.

"गाठ नाही. कॅन्सर नाही. बरा होणारा आजार आहे. पण लवकर नाही. आणि पू काढून मणक्यांना आधार द्यायला ऑपरेशन करावं लागेल."

मला टीबी झाला म्हणून मी हसले. खरंच हसले. माझ्या मागे दादा भिंतीकडे तोंड करून रडत होता आणि मी हसत होते. मग मी विचारलं, "पुढच्या मोसमात धावता येईल ना?"

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घातली. "आधी चालू," ते म्हणाले.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या खोलीत बसलेलं असेल तर त्यांना सांगते. त्या दिवशी पुढचं सगळं विचारू नका. मी विचारलं आणि जे उत्तर मिळालं नाही ते रात्रंदिवस चावत बसले.

कूस

ऑपरेशन झालं. पाठीत सळ्या आणि स्क्रू बसले. त्यानंतर मला स्वतःहून कूस बदलायची परवानगी नव्हती. तिघं जण यायचे. एक डोकं धरायचा, एक कंबर, एक पाय. तोंडानं मोजायचे आणि मला ओंडक्यासारखं एका झटक्यात वळवायचे. ते गेले की मला लगेच दुसऱ्या कुशीवर जावंसं वाटायचं. नाक खाजवलं तरी पाठ हलते की काय असं वाटायचं. माझा डावा पाय, जो चांगला होता, तो दिवसभर चादरीखाली वळवळत असायचा. चादर रोज पायथ्याशी गोळा झालेली असायची. एका सिस्टरनं ती गादीखाली खोचली तर मी तिच्यावर ओरडले. बांधून ठेवल्यासारखं वाटलं मला.

सकाळी रिकाम्या पोटी गोळ्या. मूठभर. त्या घशाखाली उतरल्या की तासाभरात मळमळ. लघवी नारिंगी व्हायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मायनं किंकाळीच फोडली, "रगत जाऊन राहिलं वो सिस्टर!" सिस्टरनं समजावलं की औषधाचा रंग आहे, भ्यायचं नाही. नवीन माणसाला हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे.

माझी माय गोंदियाच्या पलीकडे कधी मुक्कामाला राहिली नव्हती. ती नागपूरच्या त्या वॉर्डात एका स्टुलावर बसून राहिली. तिला माझ्या धावण्यातलं फार काही कळत नाही. ऑलिम्पिकहून आले तेव्हा तिनं विचारलं होतं, "बाकीच्या पोरी चांगल्या होत्या ना?" म्हणजे स्वभावानं. पण त्या वॉर्डात तिनं एक काम स्वतःच ठरवून घेतलं. ती चादरीखाली हात घालायची आणि माझ्या उजव्या पायाचं एक बोट दाबायची.

"सांग, कोणतं?"

"अंगठा."

"नाही. मधलं."

परत. "सांग."

"माय, राहू दे."

"कायले राहू दे? सांग, कोणतं?"

मी चिडायची, रडायची, मुद्दाम चुकीचं सांगायची. ती दाबतच राहायची. डॉक्टर सुईनं, हातोडीनं तपासायचे तेव्हा मला भीती वाटायची, हिच्या दाबण्याची नुसती कटकट वाटायची. एकदा दुपारी ती डबा खात होती. एका हातानं घास आणि दुसरा हात चादरीखाली.

"करंगळी," मी म्हणाले.

तिनं घास खाली ठेवला. हात काढून परत घातला. "आता?"

"अंगठ्याजवळचं."

"हौ," ती म्हणाली. आणि मग डबा बाजूला ठेवून ती बाहेर व्हरांड्यात निघून गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

घर

घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत माझा पलंग लावला होता. त्याच खोलीत भिंतीवर माझे सत्काराचे फोटो आहेत. ऑलिम्पिकहून परतले तेव्हा याच दारात बँड वाजला होता, लोक खिडक्यांना लोंबकळत होते. आता लोक अंगणात उभे राहून विचारायचे, "कसं आहे पोरीचं?" आणि बाबा पायरीवरूनच सांगायचे, "बरं आहे." आत या म्हणायचे नाहीत. आजाराचं नाव तर आमच्या घरात कुणी घेतच नव्हतं. "पाठीचं ऑपरेशन" म्हणायचे.

दोनच दिवसांत कविता वहिनी, म्हणजे दादाची बायको, तीन वर्षांच्या परीला घेऊन अर्जुनी मोरगावला माहेरी निघून गेली. मला कुणी सांगितलं नाही. परीचा आवाज बंद झाला तेव्हा मला कळलं. मागच्या खोलीत बाबा आणि दादाचं भांडण झालं तेही ऐकलं. बाबा म्हणत होते, "घरचं माणूस पडलं हाये आन हे पळून गेली." दादा म्हणत होता, "बाबा, तिले काही बोलू नका. लेकरू हाये तिचं." त्यानंतर कित्येक दिवस ते एकमेकांशी फक्त धानाच्या पाण्याविषयी बोलत होते.

मला राग आला होता. पडून राहणाऱ्या माणसाला रागाशिवाय दुसरं काम नसतं. तो राग चघळत मी छताकडे बघत राहायची. शेवटी एका संध्याकाळी मी फोन उचलला.

"वहिनी, तुम्ही कायले गेल्या?"

पलीकडे परी काहीतरी बडबडत होती. वहिनीनं तिला दूर पाठवलं. मग म्हणाली, "माले भेव वाटते, ताई."

मी ऐकायची तयारी करून ठेवली होती ती बहाण्यांची.

"माही काकू टीबीनंच गेली," ती म्हणाली. "मी लहान होती. सारे म्हणत, तिच्याजवळ नको जाऊ. मी जात होती, ते माले गोष्टी सांगे. मंग मालेबी औषध खा लागलं. लय दिवस. माले तेच दिसून राहिलं परीकडे पायलं का."

"माह्या फुप्फुसात नाही, वहिनी. खोकला नाही. पाठीतला टीबी असा दुसऱ्याले होत नाही."

"हे डॉक्टरनं सांगतलं का तुम्ही सांगून राहिल्या?"

"डॉक्टरनं."

"मंग मी डॉक्टरलेच विचारतो."

मला वाटलं, बोलायला बोलली. पण पुढच्या तपासणीला आम्ही नागपूरला पोहोचलो तेव्हा ती रुग्णालयाच्या दाराशी उभी होती, एकटी, हातात पाण्याची बाटली. परीला आईकडे ठेवून पहाटेच्या गाडीनं आली होती. डॉक्टरांना तिनं मला लाजवतील इतके प्रश्न विचारले. थुंकीतून जाते का, कपड्यातून जाते का, लेकरू हिच्या पलंगावर चढलं तर काय, पुढं हिच्या फुप्फुसात गेला तर कसं ओळखायचं. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं आणि परीची एकदा तपासणी करून घ्या, म्हणजे मन शांत होईल, असंही सांगितलं. वहिनीनं ती करून घेतली. मग ती घरी आली.

आल्याबरोबर तिनं बाबांसमोर, अंगणात चार बाया उभ्या असताना, मोठ्यानं सांगितलं, "ताईले टीबी हाये. पाठीचा. कोणाले होत नाही. या, बसा." बाबांनी मान खाली घातली. त्यातल्या दोघी आत येऊन बसल्या, दोघी घरी गेल्या. पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराला नाव आलं. माझा राग मात्र लगेच गेला नाही. परी पलंगावर चढायची, मी तिला पोटाशी घ्यायची, आणि वहिनीनं चहा आणून दिला की मी भिंतीकडे बघायची. ते बरेच दिवस चाललं. तिनंही मला मनवलं नाही. जेव्हा व्हायचं तेव्हा होईल ठीक, अशा दोघी राहिलो.

फोनवरची शर्यत

मोठी स्पर्धा आली. माझ्या जागेवर एक नवीन मुलगी तिसरी धावणार होती. मी फोन छातीवर उभा करून बघत होते. घरचे सगळे पलंगाभोवती जमले होते, जणू मीच धावणार आहे. बबलीनं बॅटन दिलं. नवी मुलगी सुटली. चांगली सुटली, खांदे सैल, माझ्यासारखी घाई नाही. वळणावर तिनं एकीला मागे टाकलं. मी फोन बंद केला.

"काऊन बंद केलं?" दादा ओरडला.

"बॅटरी गेली," मी म्हणाले. कुणालाच ते पटलं नाही, पण सगळे उठून आपापल्या कामाला लागले.

त्यांना पदक मिळालं. दुसऱ्या दिवशी बबलीचा फोन आला. "तू देख रही थी?"

"आधा. फिर बंद कर दिया."

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "ठीक किया. मैं होती तो फ़ोन दीवार पे मारती." आणि मग ती रडायला लागली आणि मला तिची समजूत काढावी लागली. पदक तिच्या गळ्यात आणि समजूत मी काढतेय. पण खरं सांगायचं तर त्या फोननं मला जितकं बरं वाटलं तितकं कुणाच्या 'हिंमत ठेव'नं वाटलं नव्हतं.

उठल्यावर

पाठीला आधाराचा पट्टा बांधून उभं केलं तेव्हा जमीन फार खाली वाटली. पहिल्यांदा पलंगापासून दारापर्यंत. मग अंगण. मग पाळ. बाबा मागून पट्ट्याचा बंद धरून चालायचे, बैल हाकल्यासारखे.

"हळू ना. बस थोडी."

"मी कायले बसू? बसूनच तर राहिली एवढे दिवस."

"तू पडली तर तुही माय माले जेवाले नाही देणार."

मला थांबवत नव्हतं. चालणं मिळालं तर मला भरभर चालणं पाहिजे होतं, ते मिळालं तर पळणं. उतावळेपणानं मी घरातल्या सगळ्यांना जेरीस आणलं. पण गोळ्या एक दिवसही चुकवल्या नाहीत. त्याचं श्रेय माझं नाही, वहिनीचं. ती सकाळी गोळ्या आणि पाणी घेऊन समोर उभी राहायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. मध्येच बरं वाटू लागलं की औषध नकोसं होतं. मला तर फार वाटलं, आता कशाला. तेव्हा ती फक्त म्हणायची, "काकूनंबी असंच म्हणलं होतं." मी तोंड उघडायची.

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरांनी औषध बंद केलं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्यांनी उत्तर दिलं. "मणके जुळलेत. तुम्ही धावाल. पण पाठीत सळ्या आहेत. स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटणं, शंभर किलो उचलणं, ते आता नाही. त्या दर्जाचं धावणं संपलं असं समजा."

दारातून बाहेर आले तेव्हा दादा म्हणाला, "कॉफी घेते का?" मी हो म्हणाले. माझा डावा पाय टेबलाखाली हलत होता. आता उजवाही हलत होता.

मैदान

मला खेळाडू म्हणून नागपूरला सरकारी नोकरी आहे. त्या कचेरीत मी परत रुजू झाले. खुर्चीत बसणं मला अजून नीट जमत नाही. सारखी उठून पाणी प्यायला जाते, वरच्या मजल्यावरच्या फाइली स्वतः आणते. थंडीत खात्याच्या स्पर्धा लागल्या आणि महिलांच्या चार गुणिले चारशे रिलेत आमच्या कचेरीला एक मुलगी कमी पडत होती. आमच्या साहेबांनी फार संकोचानं विचारलं. त्यांना वाटलं, मला वाईट वाटेल.

मी डॉक्टरांना विचारून हो म्हटलं.

आमच्या संघात दोघी टायपिंग करणाऱ्या, एक लेखा विभागातली, आणि मी शेवटची. लेखा विभागातली मुलगी बॅटन घेऊन माझ्याकडे आली तेव्हा आम्ही चौथ्या होतो. मी सुटले. पहिलं वळण ठीक गेलं. सरळ पट्ट्यावर एकीनं मला मागे टाकलं, आणि ती नियमित धावणारी नव्हती हे तिच्या हातांवरूनच दिसत होतं. शाळेत असताना मी असं धावले असते तर सरांनी घरी पाठवलं असतं. शेवटच्या शंभरात मांड्या पेटल्या. छाती फुटते की काय असं झालं, तोंडात लोखंडाची चव आली. चारशे धावणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत असतं, आणि प्रत्येकीला त्याचा तिरस्कार असतो. मी ती रेषा ओलांडली आणि गवतावर उताणी पडले.

डोळ्यांवर ऊन होतं. श्वास येत नव्हता. छाती वर-खाली होत होती आणि दोन्ही पायांत, अंगठ्यापासून कमरेपर्यंत, आग होती. सगळीकडे सारखी.

कार्यकर्त्यांपैकी एक बाई घाबरून माझ्यावर वाकली. तिच्या हातात ग्लुकोजचं पाणी होतं. "मॅडम, काय झालं? तब्येत खराब आहे का? डॉक्टरांना बोलावू?"

मला बोलता येईना. मी हातानं थांब म्हटलं. ती थांबली. श्वास थोडा जागेवर आला तेव्हा मी म्हणाले, "नाही, ताई. मी बरी आहे."